मेस्त्रींची पेटी

मध्ययुगीन युरोपातली गिल्डं शिकवायला मला कधीच आवडलं नाही. निवृत्तीला सहा महिने उरलेत, आता हे कबूल करायला हरकत नाही. क्रांती म्हटलं, लढाई म्हटलं की वर्गात निदान चार माना वर होतात. गिल्ड म्हटलं की मागच्या बाकांवर मोबाइल निघतात. व्यापाऱ्यांची गिल्डं, म्हणजे संघ, वेगळे, कारागिरांचे वेगळे. उमेदवार, कारागीर, उस्ताद या तीन पायऱ्या. मालाची प्रत गिल्ड ठरवणार, आजारी सभासदाला गिल्ड सांभाळणार, मेलेल्याच्या बायकोकडे गिल्ड बघणार. मग आपल्याकडच्या श्रेणी आणि शेटे-महाजन. त्यानंतर बोरिवलीला कान्हेरीची सहल, तिथे कल्याणच्या कोण्या सोनाराने दान दिलेल्या पाण्याच्या टाक्याजवळ उभं राहून मी बोलायचं आणि पोरांनी सेल्फी काढायचे. तीस वर्षं हेच. नोट्सचे कागद पिवळे पडले तरी मी बदलले नाहीत, कारण गिल्डं काही बदलणार नव्हती.

त्या नोट्समध्ये कारागिरांच्या गिल्डच्या नियमांची एक यादी आहे. त्यातला चौथा नियम असा: एका सभासदाने हाती घेतलेलं काम त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याने पुरं करू नये. यावर ‘कारणे द्या’ हमखास यायचं, दोन गुणांना. हे उत्तर मी किती पेपरांत तपासलं असेल, देव जाणे.

याच वर्षी आम्ही मुलुंडच्या घरातलं स्वयंपाकघर नवीन करायला काढलं. हौस नवऱ्याची. ते निवृत्त झालेत आणि त्यांना दिवसभर काहीतरी हवं असतं. काम अर्थातच मेस्त्रींना दिलं. आमच्या घरातलं प्रत्येक लाकूड त्यांच्याच हातचं आहे. मेस्त्री मालवणकडचे, राहतात नाहूरला. आसपासच्या गावांतले आठ-दहा सुतार मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कामं करतात, त्यांच्यात हे सगळ्यांत वडील. बोलणं कमी. पहिल्या दिवशी ते आले ते हातात आपली हत्यारांची लाकडी पेटी घेऊन. ती त्यांनी खिडकीखाली ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि मगच करवत बाहेर काढली. मी गंमत म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाले, “जिथे पेटी तिथे मी, बाई. पेटी असली म्हणजे काम माझा.”

मी मान डोलावली आणि कॉलेजला गेले. हे वाक्य मी वहीत उतरवून घ्यायला हवं होतं, पण माझ्या मते इतिहास जुन्या कागदांत असतो.

तीन आठवड्यांत कपाटांचे सांगाडे उभे राहिले. दारं तेवढी राहिली. आणि एका सकाळी मेस्त्रींच्या बायकोचा फोन आला: झटका आला, उजवी बाजू गेलीय, हॉस्पिटलात आहेत. आम्ही दोघं भेटून आलो. मेस्त्री डोळे मिटून पडले होते, उजवा हात चादरीवर दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा पडला होता. घरी सोडल्यावर मात्र पहिल्याच रविवारी त्यांनी स्वतः फोन केला. जीभ जड होती, तरी कळत होतं. “बाई, दारं मीच लावणार. पेटी तिथेच असू दे हां.”

मग दर रविवारी फोन. बोटं हलायला लागली. मूठ अर्धी वळते. पुढच्या रविवारी पुन्हा मूठ अर्धीच. हातात हत्यार धरता आलं नाही तर हा माणूस मेस्त्री राहणार नव्हता, आणि हे त्यांना जितकं माहीत होतं तितकंच मलाही. म्हणून मी दर वेळी म्हणायचे, “घाई नाही हो मेस्त्री, सावकाश.”

घाई होती. दोन महिने मी हॉलमध्ये टेबलावर एका शेगडीवर स्वयंपाक करत होते आणि भांडी बाथरूममध्ये वाकून घासत होते. डब्यांवर लाकडाचा भुसा, मिठात भुसा. कॉलेजातून पेपरांचे गठ्ठे घरी आलेले. कंबर दिवसभर ठणकायची. भाजी चिरताना मला रडू यायचं आणि कांद्याचा दोष नसायचा. मी थकले होते, असं साधंच सांगते. थकलेलं माणूस वाईट नसतं, पण त्याला दुसऱ्याचं दिसत नाही.

मी मेस्त्रींच्याच माणसांपैकी एकाला बोलावलं. तो आला, सांगाडे बघितले, हात फिरवला, वा म्हणाला. मग खिडकीखाली नजर गेली. “पेटी मेस्त्रींची ना? मग नाय जमायचा.” चहा पिऊन गेला. दुसरा आला, त्याचंही तेच. तिसऱ्याने तर चहासुद्धा घेतला नाही. त्याच्यावर माझं डोकंच फिरलं.

“कामं नकोत का रे तुम्हाला? का मक्तेदारी आहे तुमची?”

“तसा नाय बाई. पेटी हाय ना तिथे.”

“पेटी काय चावते का?”

तो हसला नाही. चपला घालून निघून गेला.

मक्तेदारी! हा शब्द गिल्डच्या प्रकरणात तोट्यांच्या मथळ्याखाली पहिला येतो. तो मी त्याच्या तोंडावर फेकला, आणि तरीही माझ्या डोक्यात काही म्हणजे काही पेटलं नाही. दाराशी उभं राहून मी नवऱ्याला म्हणाले, “आळशी आहेत सगळे. नुसती कारणं सांगतात.”

त्या शुक्रवारी मी ठरवलं की अडचण पेटीची आहे, तर पेटीच नको. स्वतःशी कारणंही छान जुळवली. बिचाऱ्याची हत्यारं इथे भुशात पडलीत, त्याच्या घरी सुरक्षित राहतील. मी पेटी ओल्या फडक्याने पुसली, कडी नीट लावली. नवरा म्हणाला, “अगं, आपण जाऊन देऊ या. भेटही होईल.” मी म्हटलं, “मला पेपर आहेत. तुम्हाला वेळ असेल तर तुम्ही जा.” त्यांचाही पाय निघाला नाही. आजारी माणसापुढे काय बोलायचं, हा प्रश्न दोघांनाही होताच. शेवटी वॉचमनला रिक्षात बसवून पाठवलं. तासाभराने तो परतला.

“दे दिया मॅडम.”

“कुछ बोले?”

“कुछ नहीं बोले. पेटी को हाथ लगाया, बस.”

शनिवारी सकाळी नऊ वाजता बेल वाजली. दारात दोन सुतार. त्यातला एक तोच, चपला घालून गेलेला. मी न बोलावता आलेले.

“दारं लावायची ना?”

“आता कसं जमतंय?” मी जरा टोचूनच विचारलं.

“मेस्त्रींनी काम सोडला. काल संध्याकाळी हत्यारा वाटल्यानी आमच्यात. रंधा माझ्याकडे दिल्यानी.”

“वाटली? का? मी तर फक्त पेटी घरी पाठवली. ते बरे होईपर्यंत.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोठा होता तो हळू आवाजात म्हणाला, जसं एखाद्या लहान मुलाला सांगावं: “बाई, मेस्त्री आपली पेटी आपणच उचलतो. कामाक जाताना पण, घरी जाताना पण. दुसऱ्याच्या हातान पेटी घरी जाते ती मेस्त्री गेल्यावर. मग बाकीचे हत्यारा वाटून घेतात.”

चौथा नियम. संमतीशिवाय दुसऱ्याने पुरं करू नये. कारणे द्या. तीस वर्षं मी ते फळ्यावर लिहिलं आणि ते माझ्या ओट्यासमोर तीनदा येऊन उभं राहिलं, चहा पिऊन गेलं, आणि मी त्याला आळशी म्हटलं. लाज वाटली म्हणणं पुरेसं नाही. चांगल्या जित्याजागत्या माणसाला मी वॉचमनच्या हाती त्याच्या मरणाची बातमी पाठवली होती.

त्या दोघांना थांबवून मी तशीच नाहूरला गेले. मेस्त्री पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी रडतच माफी मागितली. पेटी परत नेते म्हणाले, सगळ्यांकडून हत्यारं गोळा करते म्हणाले.

“वाटलेला परत घेत नाय, बाई.” ते शांतपणे म्हणाले. राग असता तर मला बरं वाटलं असतं. “तुमचा काय चुकला नाय. बाईमाणूस स्वयंपाकघराशिवाय किती दिवस काढणार. पोरांक करू दे. चांगली आहेत.”

त्यांनी डोळे मिटले. मी चहाची कपबशी ठेवायला आत गेले तर त्यांच्या बायकोने मला हाताने जवळ बोलावलं. ओट्याखाली एक छोटं कपाट होतं, जुनंच, पण त्याचं दार नवं कोरं. त्यावर पेन्सिलीच्या वाकड्या रेघा होत्या, एका बिजागरीशी स्क्रूची दोन चुकलेली भोकं बुजवलेली होती.

“डाव्या हातान केल्यानी,” ती कुजबुजली. “शेजाऱ्याची हत्यारा मागून आणून. महिनाभर तेच चालू होता. तीन दारा फुकट गेली, ह्या चौथा. सोमवारी तुमच्याकडे येवचे होते. उद्या रविवारी फोन करून सांगणार होते तुमका.”

मी ते दार उघडलं आणि लावलं. कुठेही घासत नव्हतं.