रूपाच्या अर्जातलं ‘होय’

सकाळी दहाला आमच्या गल्लीतले यंत्रमाग एकाएकी थांबले. वडगावात दिवसा माग थांबले की लाईट गेली म्हणायची, नाहीतर कुणीतरी माणूस. लाईट होती... गंगा गेली होती. त्याला आता तीन आठवडे झाले.

गंगा चाळीस वर्षांपासून माझी शेजारीण. हातमागावर साडी विणायची. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच लिहितात. मी तिची चूक आधी सांगते. तिची मुलगी रूपा पंधराव्या वर्षी, सूत देऊन साड्या विणून घेणाऱ्या मालकाच्या दोन साड्या परस्पर विकून बसली. प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं आणि मिटलं. तिथल्या वकीलबाईंनी बजावलं होतं, हे आता कुठंही सांगायची गरज नाही, कायदाच तसा आहे.

तीन वर्षांनी रूपानं नर्सिंगचा अर्ज आणला. त्यात विचारलेलं, पूर्वी कधी गुन्हा नोंद झाला होता का? गंगा म्हणाली, “व्हय लिही.”

“खुळी का काय तू?” मी म्हटलं.

“आक्का, विणताना धागा चुकला तर मी तिथं लाल दोरा बांधून मगच साडी देते. मालकानं हुडकायच्या आधी आपणच दाखवायचं.”

“पोरगी म्हंजे साडी न्हाय गं!”

तिनं ऐकलं नाही. कॉलेजनं अर्ज परत केला.

गंगा रडत बसली नाही. दुसऱ्या दिवशी माग सोडून वकीलबाईंकडून, असलं प्रकरण विचारता येत नाही, असं पत्र आणलं आणि कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बसली. मीही गेलते. कारकून म्हणाला, “तुम्हीच लिहिलंय की!”

“व्हय, माझं चुकलं. पर जे इचारायचं न्हाय ते तुम्ही छापलंय कशाला?”

चार दिवस बसली. पाचव्या दिवशी प्रिन्सिपलबाईंनी पत्र वाचलं आणि प्रवेश दिला.

परवा रूपा इस्पितळातल्या नोकरीचा अर्ज भरत होती. पुन्हा तोच प्रश्न. गंगाच्या मागाखालचा खड्डा अजून बुजवलेला नाही. त्यात पाय सोडून रूपा बसलेली.

“मावशी, काय लिहू?”

“तुझा अर्ज हाय. मला काय इचारतीस?”

तिनं ‘नाही’ लिहून सही केली. “ते जुनं प्रकरण कुणी काढलंच तर कायदा मीच वाचून दाखवीन. आईला चार दिवस लागले. मला लागणार न्हाईत.”

बोलताना तिचे पाय खाली आईच्या मागाच्या पावड्या, म्हणजे पायपट्ट्या, दाबत होते. मागावर सूत नव्हतं, तरी.