माझ्या आवाजाला नजर लागली तेव्हा

हातातला कप आधी खाली ठेवा बघू. नाहीतर ऐकताना चहा सांडेल आणि साडीवरच्या डागाचं खापर माझ्यावर फुटेल! अशी फजिती झालीय माझी, की अजून कोणी 'भजन' म्हटलं की मी भाजी निवडायला घेते.

त्याचं काय झालं, आमच्या पोलादपुरातल्या आळीचं एक भजनी मंडळ आहे. त्यातल्या मुख्य गाणाऱ्या शकूमावशी. त्यांचा गळा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, आता गाणं बंद. म्हणजे श्रावणातल्या सप्ताहाला पुढे बसून गायला नवीन बाई हवी! आणि खरं सांगते, ती जागा मला हवीच होती. लग्न होऊन आल्यापासून मी मागच्या रांगेत टाळ कुटतेय हो! किती कुटायचे?

यांनी महाडहून घरी गाणी ऐकायला मशीन आणलं होतं. ॲम्प्लिफायर, दोन मोठे स्पीकर आणि वर एक माइक. दुपारी दार लोटून मी सराव सुरू केला. पण गंमत बघा. नुसती गाणी लावली की मशीन अगदी गुणी बाळ. मी माइक जोडून तोंड उघडलं, की टर्रर्र, टिडिक टिडिक, टर्रर्र! जशी काय कढईत मोहरी तडतडतेय.

आता तुम्हीच सांगा, बाकी कोणाच्या गाण्याला काही होत नाही, फक्त माझ्याच गाण्याला होतं. याचा अर्थ काय? नजर! दुसरं काय असणार?

माझा मुलगा मंगेश मुंबईत साउंड सिस्टीमच्या दुकानात कामाला आहे. त्याला फोन लावला.

"मंगेश, माझ्या आवाजाला नजर लागलीय रे. मी गायला लागले की मशीन कोकलतं."

तो हसला. "पाठवतो गाडीबरोबर. छोटे छोटे काळे असतात. लावून टाक, आवाज बंद होईल."

"कुठे लावू?"

"मशीनलाच की! ठेवतो आई, गिऱ्हाईक आलंय."

मला भरूनच आलं. मुंबईत राहून पोरगं आपल्या रीती विसरलं नाही!

शनिवारी बसच्या ड्रायव्हरने पुडकं आणून दिलं. उघडते तर काय, हुबेहूब बिब्बे! फक्त मुंबईचे म्हणून गुळगुळीत, आणि मधोमध आरपार भोक. दोऱ्यात ओवायची सोयसुद्धा केलेली! वार शनिवार, घरात लिंबं होती, मिरच्या परसात. लिंबू, मिरच्या, मुंबईचा बिब्बा अशा दोन माळा ओवल्या, मशीनवरून उतरवल्या आणि दोन्ही स्पीकरला टांगल्या.

संध्याकाळी धो धो पाऊस लागला. मोबाइलचा टॉवर बंद पडला, अख्ख्या आळीचे फोन मुके. मी माइक जोडला, गायले, आणि काय सांगू! टर्रर्र नाही की टिडिक नाही. बिब्ब्यांचा गुण दुसऱ्या मिनिटाला! टॉवर बंद होता, पण त्याचा याच्याशी काय संबंध, नाही का?

मग काय, मी आळीभर सांगत सुटले. शेजारची जुबेदाभाभी धावत आली. तिच्या नवऱ्याचा ट्रक आहे.

"वहिनी, आमच्या ट्रकला पन एक द्या ना. ते कशेडीचा घाट उतरतात आन माझा जीव हिते खाली-वर होतो."

दिला. एक मागच्या घरातल्या पाळण्याला गेला. एक गोठ्यात गेला, गाय दूध चोरते म्हणून. देता देता पुडकं रिकामं! माझ्याकडे स्पीकरवरचे तेवढे दोन उरले.

शुक्रवारी दुपारी परीक्षा. सगळं मंडळ आमच्या ओटीवर, जुबेदाभाभी दारात, मधे शकूमावशी, हातात कोमट पाण्याचा पेला. त्यांच्या पसंतीवर सगळं. त्या सकाळीच टॉवर सुरू झाला होता. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीत, म्हणून माझा फोन खिडकीत, मशीनला अगदी खेटून.

"गा गो सुमन," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

मी मशीनला नमस्कार केला, डोळे मिटले, पहिला शब्द उच्चारला...

टर्रर्र! टिडिक टिडिक! टर्रर्र!

"ह्यो कोन गो मधीच गातोय?" मावशी म्हणाल्या.

"नजर परत आली!" जुबेदाभाभी ओरडली.

तेवढ्यात फोन वाजला. मंगेश! माझ्या एका हातात माइक, दुसऱ्या हाताने फोन उचलला आणि सवयीने स्पीकरवर टाकला. झालं! पुढचं सगळं संभाषण निम्म्या पोलादपूरने ऐकलं.

"आई, रेंज आली वाटतं! ते फेराइट लावलेस ना?"

"लावले रे. लिंबू-मिरचीत ओवून."

"कशात?"

"काळ्या दोऱ्यात. दोन मशीनला, एक ट्रकला, एक पाळण्याला, एक गाईला..."

"गाईला? अगं आई, ते नजरेचे नाहीत! माइकची लांब वायर मोबाइलच्या लहरी खेचून घेते, म्हणून ती टरटर. फेराइट त्या लहरी अडवतो. वायर मशीनमध्ये शिरते ना, तिथे वायरीवर बसव आणि कट्ट वाजेपर्यंत दाब. आणि आधी तो फोन लांब ठेव!"

ओटीवर बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

"म्हंजे आमचा ट्रक एवढे दिवस कशाच्या भरवशावर कशेडी उतरला?" जुबेदाभाभीने कपाळाला हात लावला.

"ड्रायवरच्या!" मावशी म्हणाल्या.

मी मान खाली घालून मिरच्या सोडवल्या. फेराइटला चिकटलेला लिंबाचा रस पदराने पुसला, वायरीवर दोन्ही बसवले. कट्ट. कट्ट. फोन नेऊन ठेवला न्हाणीघरात. मशीन गप्प! देवळात भर दुपारी असते तशी शांतता. म्हटलं, हसा किती हसायचं ते, आता ऐका!

डोळे मिटून अख्खा अभंग गायले. वरच्या पट्टीतसुद्धा गेले. कुठे खरखर नाही, कुर्रकुर्र नाही, एकेक शब्द स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा आवाज असा नीट ऐकला. आणि तिथेच मला थोडी शंका आली.

डोळे उघडले. माजघराच्या दारात उभे असलेले आमचे हे आढ्याकडे बघत होते.

शकूमावशींनी पाण्याचा घोट घेतला, पेला हळूच खाली ठेवला.

"सुमन, तुझ्या पोरान काम बेस केलंन हो. आता येवढं एक कर गो."

"काय मावशी?" मी आशेने विचारलं.

"ता काळा वायरीवरना परत काढ."