वाट पाहून राहिली

“हिले तं नवऱ्यानं टाकली म्हणते. पाटीवर लिवलं आहे, वाच ना.”

माझ्या पाठीमागे एक बाई दुसरीला सांगत होती. वाचनालयाच्या दाराशी अभिप्रायाची वही घेऊन मी बसले होते. चित्रप्रदर्शनाचा तो तिसरा आणि शेवटचा दिवस, आणि हे वाक्य मी पाचव्यांदा तरी ऐकत होते. दर वेळी मी वहीचा कोपरा सरळ करत असे.

चित्रकार म्हणजे वडिलांचे पुण्याचे मित्र, मी त्यांना काका म्हणायची. महिनाभर आमच्याकडे राहून त्यांनी गोंदियाचं रोजचं जगणं रंगवलं. भाताच्या गिरणीत पायांनी धान पसरणाऱ्या बाया, रेल्वे फाटकाशी अडलेल्या बैलबंड्या, फुलचूरच्या रस्त्याने बाजाराला निघालेली माणसं. चित्रं वाईट नव्हती, पण त्यांतलं एकही माणूस सुखी नव्हतं. धान पसरता पसरता त्या बाया आपापल्या सासवांच्या नकला करत होत्या, मी स्वतः ऐकल्या होत्या. काकांनी त्यांना अशा माना खाली घालून उभं केलं होतं की जणू कुणीतरी नुकतंच गेलंय.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून काका माझ्याशी इंग्रजीत कलेबद्दल बोलत. मी मान हलवत असे. वडिलांनी मला त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून पाठवलं होतं, पण इथल्या कुणी तोंड उघडलं की काका हात वर करत. “कळलं, कळलं.”

आमच्या मागच्या गल्लीत एक बाई ओट्यावर बसून बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. बोटं आपोआप चालायची आणि डोळे रस्त्यावर. काकांनी तिचं चित्र काढायला घेतलं आणि विचारलं, “कुणाची वाट बघताय?”

“माह्या नवऱ्याची वाट पाहून राहिली,” ती म्हणाली.

दुपारचे बारा वाजले होते. तिचा नवरा गिरणीत हमाल, भोंगा झाला की जेवायला घरी यायचा. आमच्याकडे ‘पाहून राहिली’ म्हणजे आत्ता पाहते आहे, एवढंच. दूध तापून राहिलं, गाडी येऊन राहिली, तसंच. काकांच्या पुणेरी कानांना ऐकू आलं की ही बिचारी वाट पाहून पाहून तशीच राहिली. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

मी म्हटलं, “काका, ते…”

“कळलं, कळलं.”

पाच मिनिटांत नवरा आला, पाय धुऊन आत गेला. काका मला हळूच म्हणाले, “भाऊ असेल. माहेरी आधार आहे, बरं आहे.” मी काहीच बोलले नाही. याचा राग मला अजून येतो, आणि तो काकांवर नाही.

चित्राखाली छापील पाटी लागली, ‘परित्यक्ता’. हा शब्द गावात कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून वाचनालयाच्या कारकुनाने उत्साहाने प्रत्येकाला अर्थ सांगितला.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या मागच्या दाराशी आली.

“गिरणीतले लोक त्याले चिडवून राहिले. ‘काऊन गा, बायको सोडली अन् आमाले सांगतलं बी नाई?’ आता दुपारचा जेवाले येत नाई. म्हणते, मी तं तुले टाकली ना, मंग कोणाच्या घरी येऊ?” ती हसली. मग हसू गेलं. “आज भाकर तशीच झाकून ठेवली. तुमी तं होत्या ना बाई तेथं. तुमी काऊन नाई बोलल्या?”

मी म्हटलं, सांगते. संध्याकाळी वडिलांना सांगितलं. “एवढा मोठा कलावंत,” ते म्हणाले, “त्याला शब्द शिकवणार का तू?” प्रदर्शन संपलं की चित्रं पाट्यांसकट नागपूरला जाणार होती.

त्या शेवटच्या दुपारी गावातली मोठी माणसं आली. एक शेठजी चित्रांत आपलं दुकान शोधत होते. “सब ठीक है, मगर हमारी दुकान किधर है?” काकांनी त्यांना त्या चित्रापुढे नेलं.

“ही बाई मला स्वतः म्हणाली,” काका सांगू लागले, “वाट पाहून राहिली! तीन शब्दांत सगळा संसार. अशी भाषा आपल्याला पुस्तकात मिळायची नाही.”

सगळ्यांनी हळहळून मान हलवली. वडिलांनीही. त्यांना अर्थ माहीत होता. पंचवीस वर्षं गोंदियात वकिली केलेल्या माणसाला नसेल? मी उठले. वही खाली पडली, ती उचलली नाही. पाटी खिळ्यावरून काढली आणि हातात धरली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“काय गं, काय झालं?” काका म्हणाले.

“काका,” मी म्हणाले, “तुम्हाला मराठी येत नाही.”