एकतिसाव्या पानावरचा मासा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे मी. शाळेत विज्ञान शिकवते, अंगारे-धुपारे करणाऱ्यांशी भांडण उकरून काढते. तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही... मीही हसले असते.

गोष्ट नव्वद-एक्याण्णवची. जळगावला पिंप्राळ्यात आई आणि मी राहायचो. धाकटा भाऊ सुधाकर धुळ्याला नोकरीला. एका शनिवारी दुपारी तो धुळ्याहून एसटीने निघाला आणि जळगावला पोचलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातेवाईक तर सगळेच पालथे घातले. दोन वर्षं पत्ता नाही. आई दाराला आतून कडी लावू द्यायची नाही.

सुधाला वेड एकच – यानं, परग्रह, जादूची राज्यं. गावात हमीदचाचांचं दुकान होतं, फक्त असल्याच पुस्तकांचं. चाचा मूळचे बाइंडर. "बाकीचं सगळीकडे मिळतं, टीचर," म्हणायचे. पुस्तक घरी न्यायचं, वाचून परत आणायचं. आणि वाचून झालं की एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा नेलं जात नाही. सुधा मासा काढायचा. त्याचा डोळा इतका दाबून की पानाच्या मागे उंचवटा यायचा. माझ्या दोन आडव्या रेघा आणि वर टिंब.

तो गेल्यावर शनिवारची अर्धी शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायला लागले. मासा असलेली पुस्तकं शोधायची आणि वाचायची, एवढंच.

एका शनिवारी पुण्याहून नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला. सुतळी चाचांनी माझ्यासमोर कापली. एका पुस्तकाच्या कडा कापायच्या राहिल्या होत्या, पानं एकमेकांना जोडलेली. चाचा पट्टीने ती सोडवत गेले आणि मध्येच थांबले. एकतिसाव्या पानावर मासा होता, शिसपेन्सिलीचा. मी मागून बोट फिरवलं – उंचवटा लागला.

"हा गठ्ठा आधी कुणी सोडला होता?" मी आवाज चढवला.

"तुमच्यासमोर तर सोडला, टीचर..." चाचांनी कापलेली सुतळी उचलून दाखवली.

मूर्खपणा म्हणा, पण मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई पारोळ्याकडची, तिची बोली अहिराणी. ती रडली नाही. "मना पोऱ्या जित्ता शे," माझा पोरगा जिवंत आहे, एवढंच म्हणाली आणि त्या दिवशी पोटभर जेवली. मग दर शनिवारी मी उंबऱ्यात पाऊल टाकलं की विचारायची, "आज काय व्हतं?"

दीडेक महिन्याने दुसरा गठ्ठा आला. चाचा सोडायला तयार होईनात. मीच सुतळी कापली, जोडलेली पानं असलेलं पुस्तक निघालं, ती पानंही मीच सोडवत गेले. मासा होता. आणि त्याच्या शेजारी दोन रेघा, वर टिंब... माझं टिंब नेहमी उजवीकडे सरकतं, हेही सरकलेलं. ते पुस्तक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

चाचांनी पुस्तकावर पंजा ठेवला. "हे नेऊ नका. सुधाभाऊंनी पण असंच एक नेलं होतं. न वाचलेल्या नव्या पुस्तकात त्यांचाच मासा... हसले, म्हणाले, धुळ्याला वाचून शनिवारी परत आणतो. तोच शनिवार, टीचर. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

मी चाचांना वाट्टेल ते बोलले. मग ते पुस्तक तिथेच ठेवून बाहेर पडले.

"आज काय व्हतं?" आईने विचारलं.

"काही नव्हतं," मी म्हटलं. पुढच्या शनिवारी सांगितलं, चाचांनी दुकान बंद केलं. ते उघडंच होतं, मी दुसऱ्या रस्त्याने यायला लागले. आई हळूहळू जेवण कमी करत गेली. ती गेली तेव्हाही कडी काढलेलीच होती.

त्या खुणा कुणी केल्या, न उघडलेल्या पानांत पेन्सिल कशी शिरली – इतकी वर्षं विज्ञान शिकवून मला उत्तर सापडलेलं नाही. पण मी पुस्तक का ठेवून आले, हे मला ठाऊक आहे. ते मला सुधाकडे नेईल, असं त्या क्षणी मला पक्कं वाटलं होतं, आणि मी घाबरले. आईला अक्षरओळख नव्हती. असती, तर तिने ते दुकानातच उभ्याने वाचायला घेतलं असतं.