उशीचं पान

मोहर्लीहून चंद्रपूरला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी पुस्तक वाचत बसली होती. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर, आणि पान उलटण्याआधी बोट पदराला पुसायची सवय. सहज डोकावले, तर ती माझीच कादंबरी.

नेमकं तेच पान उघडं होतं, ज्यावरून घरच्यांपासून समीक्षकांपर्यंत सगळ्यांनी मला झोडपलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी सून एका दुपारी तिच्या तोंडावर दाबायला उशी उचलते, आणि मग तीच उशी तिच्या डोक्याखाली सारते. चांगल्या घरातल्या बाईच्या मनात असलं येतंच कसं, म्हणे! नव्या आवृत्तीतून ते पान काढायचं मीही जवळजवळ ठरवलं होतं.

“कशी आहे कादंबरी?” मी विचारलं.

तिने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “मीनं पन उशी उचलली होती, बाई. ठेवून देल्ली. पन तवापासून मले वाटे, अशी मीच एकटी. आज समजलं, आनखी कोनी आहे.”

लिहिणारी मीच, हे मी तिला सांगितलं नाही.

ऊर्जानगर आलं तशी ती पुस्तक पिशवीत घालून घाईने उठली. “बुढी वाट पाहून राह्यली असन. माझ्याच हातानं जेवते, दुसऱ्या कोनाच्या नाई.”

तिचं नाव विचारायचं राहिलं. पुस्तकात ते पान राहिलं, ते मात्र तिच्यामुळे. ते लिहिताना मलाही वाटलं होतं, अशी मीच एकटी.