ओळखीचा जंतू

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. हातकणंगल्याहून रेल्वेने ये-जा करून सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो होतो. पण जंतूला प्रश्न विचारता येतो आणि तो उत्तर देतो, हे डोळ्यांनी पाहिलं ते इथेच.

काचेच्या ताटलीत आगर, म्हणजे जंतूंचं पातळ खाद्य, ओतायचं. ते खरवसासारखं घट्ट झालं की त्यावर रुग्णाच्या पुवातले जंतू पसरायचे आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. सकाळपर्यंत जंतूंची साय धरायची. जे औषध लागू पडतं, त्याच्या टिकलीभोवती तेवढं स्वच्छ वर्तुळ राहायचं. वर्तुळ लहान असलं, तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही असं समजायचं.

आमच्या प्रमुख डॉक्टर बाई रोज आणखी एक ताटली लावायला सांगत. त्यात ओळखीचा जंतू असे: मोठ्या प्रयोगशाळेतून आणलेला, कुठल्या औषधाला केवढं वर्तुळ देतो हे आधीच ठाऊक असलेला. उत्तर माहीत असताना रोज विचारायचं कशाला, असं मला वाटे.

एकदा इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार वॉर्डात आला. मागात सापडलेला हात चिघळला होता. औषध सापडलं नाही तर बोटं काढावी लागतील, असं सर्जननी सांगितलं होतं. त्याचा थोरला भाऊ आमच्या दाराशीच बसून होता. ताटली पाहिली, तर सगळीच वर्तुळं आखडलेली. 'एकही औषध चालत नाही' असं मी लिहायला घेतलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "ओळखीच्याची ताटली बघितलीस?"

त्याचीही वर्तुळं आखडली होती.

"म्हणजे चूक आपली आहे," त्या म्हणाल्या, आणि तडक वॉर्डात गेल्या. मी मागोमाग. "आमची आजची तपासणी भरवशाची नाही. उद्यापर्यंत बोटांना हात लावू नका," असं त्यांनी सर्जनना सगळ्यांदेखत सांगितलं. मी थक्क झालो. पोरांची उत्तरं तपासणाऱ्या मास्तरांना कोण तपासतं, हा प्रश्न आमच्या शाळेत कुणाला पडलाच नव्हता. इथे एवढी शिकलेली बाई एका जंतूचं ऐकून स्वतःला चूक म्हणत होती.

आम्ही परतलो तेव्हा दाराशी बसलेला भाऊ मात्र भडकला. "कालपास्नं बसलोय की ओ! कायतरी लिवून द्या!"

"कायतरी लिहिलं तर बोटं जातील," बाई म्हणाल्या. तो गुमान खाली बसला.

मग आम्ही चूक शोधायला लागलो. टिकल्या ताज्या होत्या, उबवणीचं कपाटही ठीक होतं. बाईंनी ताटली उजेडात आडवी धरली. आगर काठाला टेकलं होतं. ओतणाऱ्या मावशी नव्या होत्या.

"मावशी, एवढं काठोकाठ?"

"तुमीच म्हनला न्हवं, हे जंतूचं जेवान हाय? मग हात आखडून वाढायचं व्हय? लोक काय म्हनतील?"

"कुठले लोक, मावशी?"

दाराशी बसलेला भाऊसुद्धा हसला. थर जाड झाला की औषध खाली मुरतं, बाजूला कमी पसरतं आणि वर्तुळ आकसतं, हे बाईंनी मावशींना समजावलं. "बरं, निम्मं वाढती," मावशी म्हणाल्या. पण चेहऱ्यावरून त्यांना ते पटलेलं दिसत नव्हतं.

नव्या ताटल्या बाईंनी पट्टीने थर मोजून ओतून घेतल्या. दुसऱ्या दिवशी आधी ओळखीच्याची ताटली उघडली. त्याची वर्तुळं जेवढी हवीत तेवढीच होती. मग कामगाराची. बहुतेक टिकल्यांना जंतू अजूनही चिकटून होते. एका टिकलीभोवती मात्र लख्ख, गोल मोकळी जागा होती.

भावाने ती पाहायला मागितली आणि ताटलीला हात जोडले.

"नमस्कार लांबूनच," बाई म्हणाल्या.

त्याच दिवशी इंजेक्शन बदललं. पुढे जखम वाळल्यावर तो कामगार स्वतः आमच्या दाराशी आला. करंगळी वाचली नव्हती. उरलेली बोटं त्याने एकेक करून हलवून दाखवली, आणि आम्ही हातातली कामं सोडून बघत राहिलो.