कासवाला बोर्डो पेस्ट

१८ मे, सकाळी साडेसात, बोरगावजवळचा आमचा संत्र्याचा बगीचा. हजर: माझे भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, जाऊबाई, ट्रॅक्टरवाला, शेजारच्या वावरातले निवृत्त गुरुजी आणि मी. शिवाय ताटलीएवढं एक कासव. ट्रॅक्टरमागच्या वखराने त्याची पाठ चार बोटं तडकली होती.

नाला आटला की कासवं गारव्याच्या शोधात बगीच्यात येतात, पाल्याखाली दडतात. ट्रॅक्टरवाल्याला हे ठाऊक होतं. खाली उतरून बघायचं तेवढं ठाऊक नव्हतं. गुरुजींनी कासवाला हात जोडले, मग ट्रॅक्टरवाल्याच्या हाती मोबाइल देऊन फोटोसाठी पुन्हा जोडले. पाणी कोणी आणलं नाही.

मी सौंसरच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जखम मिठाच्या सौम्य पाण्याने धुवा, कोरडी ठेवा, वर काही थापू नका, खोल पाण्यात सोडू नका, वन विभागाला कळवा. मी जखम धुतली, कासव सावलीत टोपलीत ठेवलं, वन विभागाला कळवलं आणि उरलेल्या सूचना कागदावर लिहून पंपघराच्या दाराला चिकटवल्या. मग ऑफिसला गेले. लिहिलेलं लोक वाचतात, हा माझा जुना गैरसमज.

संध्याकाळी परतले तर कासवाची पाठ निळसर झालेली. चुना आणि मोरचूद कालवून संत्र्याच्या खोडाला लावतात ती बोर्डो पेस्ट, ब्रशने, दोन हात.

आमच्या घरी भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाहीत. चार फुटांवर उभे राहून ते जाऊबाईंना म्हणाले, "तिले सांग, भेग पडली का पेस्ट लागतेच. नाई तं डिंक निघते."

"बाई, त्यांना सांगा, हे झाड नाही."

"ते म्हणून राहिली, झाड नाई."

"मले ऐकू येते," भासरे म्हणाले.

वनरक्षक दुपारी येऊन गेला होता. कासव आपसूक नाल्याकडे गेलं, असं गुरुजींनी त्याला सांगितलं होतं. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला हा माणूस. कारण सकाळी कळलं: मी तासभर घासून पेस्ट काढलेलं ते कासव भासरे आणि गुरुजी या दोघांनी मिळून रात्री बगीच्यातल्या विहिरीत सोडलं होतं.

विहिरीत कासव असलं की पाणी आटत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात. मागचं कासव असतानाच ही विहीर दोनदा आटली होती. तेव्हा दोष पंपाला मिळाला. विहीर चाळीस फूट, दगडी बांधणीची, सरळ. अंग वाळवायला एक कपार नाही. जखम ओली राहिली तर ते कासव आत सडून मरणार, हे मी तिघांना तीनदा सांगितलं.

मी वनरक्षकाला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, "पाणी कमरेएवढं करा, मी उतरतो."

"तिले सांग, बगीचा ताणावर हाय. आत्ता पाणी देलं तं मृग बहार गेला."

हे एवढं बरोबर होतं, विहिरीचं उपसलेलं पाणी बगीच्यातच जातं. पाणी तोडून झाडं सुकवल्याशिवाय त्यांना फूल येत नाही. मी गुरुजींना म्हटलं, पाणी तुमच्या रिकाम्या वावरात सोडू.

"गवत माजते ना बाई," गुरुजी म्हणाले आणि काठावरून विहिरीला हात जोडले.

तेव्हा मी रीत मोडली. "भाऊजी, तुम्ही स्वतः वाकून बघा."

ते वाकले. कासव श्वास घ्यायला वर आलं होतं. भेगेच्या कडेला बुरशीसारखं पांढरं साचलं होतं. भासरे सरळ उभे राहिले. मग जाऊबाईंना म्हणाले, "नाल्यापर्यंत पाईप किती लागन, विचार तिले."

तीनशे फूट लागतो. आमच्याकडे दोनशे वीस निघाला, तो मी काल जोडून ठेवला. कासव विहिरीत पडल्याचा आज पाचवा दिवस. कासव वर येतं, पण पहिल्यासारखं लगेच बुडी मारत नाही, तरंगत राहतं. उरलेला ऐंशी फूट पाईप गुरुजींच्या गोठ्यात आहे. गोठ्याला कुलूप आहे आणि गुरुजी लग्नाला पांढुर्ण्याला गेलेत. तो पाईप आणायचा आहे.